रात्रभर आयडलिंगवर ठेवून रिंगा बसत नाहीत, वाया जातात

सकाळी सहाला मामांचा फोन. "रात्रभर इंजिन चालू ठेवलंय रे. आठ तास झाले. आता बंद करू का?"

मारुती ८००. बोअर करून (सिलिंडर आतून कापून), नवे पिस्टन आणि रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) टाकून आदल्या संध्याकाळी घरी आलेली. म्हटलं, हे कुणी सांगितलं? तर म्हणे फॉरवर्ड आलाय, 'इंजिनकाम केलेल्या प्रत्येकाने वाचा'. दुपारपर्यंत तो मलाही तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक गाडी नसलेल्या भाच्याकडून.

त्यात पाच दावे आहेत. इंजिन बांधल्यावर आठ-दहा तास आयडलिंगवर, म्हणजे उभ्या गाडीत मंद चालू ठेवा, रिंगा आपोआप बसतात. निळा धूर आला की पिस्टन गेले, लगेच बदला. कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये होणारा दाब) १५० पीएसआयच्या वर असेल तर रिंगा शंभर टक्के ठीक. ऑइलचं झाकण काढल्यावर वाफ आली तर इंजिन संपलं. आणि धूर थांबवायचा तर जाड ऑइल टाका. शेवटी वर तोंड करून 'कोणत्याही मिस्त्रीला विचारा'. मला कुणी विचारलं नाही. मी बारा वर्षं कोल्हापुरात उद्यमनगरात बोअरिंग-होनिंगच्या मशीनवर उभा होतो.

पहिला दावा सगळ्यात घातक, कारण बाकीच्या चार दाव्यांना गिऱ्हाईक तोच पुरवतो.

बोअर झाल्यावर आम्ही होन मारतो, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतो. त्या रेघांच्या कंगोऱ्यांवर नवी रिंग घासते, दोन्हीकडचं थोडं झिजतं आणि जोडी जमते. रिंग बसणं म्हणजे एवढंच. पण घासायला दाब लागतो. रिंगेचा स्वतःचा ताण किरकोळ असतो. खरा दाब येतो जळत्या गॅसचा. तो खोबणीत वरच्या रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर रेटतो. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद, आत हवा-पेट्रोल जेमतेम, मग दाब येणार कुठून? रिंग ऑइलच्या थरावरून नुसती घसरत राहते. तो थर भाजतो, रेघांत वॉर्निशसारखा बसतो आणि भिंत काचेसारखी गुळगुळीत होते. याला ग्लेझिंग म्हणतात. त्यानंतर गाडी कितीही पळवा, रिंग बसत नाही. मामांनी तर थंडी म्हणून अर्धी रात्र चोक ओढून ठेवला होता. म्हणजे जादा पेट्रोलनं भिंतीवरचं ऑइल धुऊन निघालं ते वेगळंच.

माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर लायकमिंगचं बघा. ही अमेरिकन कंपनी छोट्या विमानांची पिस्टन इंजिनं बनवते. तिची १४२७ क्रमांकाची सर्व्हिस इन्स्ट्रक्शन खास नव्या आणि ओव्हरहॉल केलेल्या इंजिनांसाठी आहे. तिच्यात ६५ ते ७५ टक्के ताकदीवर उडवायला सांगितलंय, ५० तास किंवा ऑइलचा खप स्थिर होईपर्यंत. कारणही कंपनीनं वैमानिकांसाठी लिहून ठेवलंय: कमी ताकदीवर चालवलं की रिंगा पुरेशा दाबल्या जात नाहीत, ऑइलचा थर भाजून ग्लेझिंग होतं, आणि ते फार झालं की सिलिंडर उतरवून पुन्हा होन मारण्याशिवाय इलाज नाही. आता कुणी म्हणेल, विमान कुठे आणि मामांची ८०० कुठे. इंजिन हवेवर थंड होतं की पाण्यावर, याचा रिंगेला गॅसनं दाबण्याशी संबंध नाही.

फॉरवर्डमध्ये कणभर खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. पहिल्यांदा सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं उभ्या गाडीत इंजिन चालवावंच लागतं. ऑइलचा लाल दिवा जातोय का, पाणी कुठे गळतंय का, पंखा लागतोय का, हे बघायला. मग बॉनेट लावून गाडी रस्त्यावर न्यायची. तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून ५० पर्यंत जोमानं ओढायची, पाय काढायचा, गाडी आपोआप मंदावू द्यायची. असं दहा-पंधरा वेळा. ओढताना रिंग दाबली जाते, पाय काढल्यावर व्हॅक्युमनं ऑइल वर येऊन झिजलेली पूड धुतं. एकाच वेगात तासभर नको, पहिल्याच दिवशी सहा माणसं भरून पन्हाळाही नको.

निळ्या धुराचं. निळा म्हणजे ऑइल जळतंय, इथवर बरोबर. पण ते वरून आलं की खालून? पन्हाळ्यावरून उतरताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढून या, खाली आल्यावर एकदम दाबा. तेव्हा निळा लोट निघाला आणि लगेच ओसरला, तर ऑइल वरून येतंय, संशय हेडमधल्या व्हॉल्व्ह सील आणि गाइडवर. सकाळी सुरू करताना भपकन निळा येऊन थांबला, तरी तेच. चढावर ओढताना सतत येत असेल तर मात्र खालून, म्हणजे रिंगा आणि बोअर. काही शेकड्यांच्या सीलसाठी लोक हजारोंचे पिस्टन बदलतात. आणि नव्या रिंगा पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये थोडं ऑइल पितात, त्याला आजार म्हणत नाहीत.

कॉम्प्रेशनचा दावा दिसायला शास्त्रीय, म्हणून जास्त फसवा. कॉम्प्रेशन धरतात वरच्या दोन रिंगा. ऑइल खरवडायचं काम तिसरीचं, आणि गेज तिच्याबद्दल जवळपास काही सांगत नाही. तीन भागांच्या ऑइल रिंगेत मधल्या एक्स्पांडरची (स्प्रिंगसारख्या पट्टीची) टोकं समोरासमोर टेकायला हवीत. घाईत ती एकमेकांवर चढली, की गेजवर आकडा फक्कड आणि मागे धूर. दुसरी रिंग उलटी बसली तरी ती ऑइल खाली खरवडायच्या ऐवजी वर चढवते. तिच्यावरची खूण वरच्या बाजूलाच हवी. टेस्टसुद्धा नीट करायची तर इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा बघायचं. वाढला तर रिंगा-बोअर, हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मामांच्या गाडीत तिन्ही सिलिंडर १२० च्या आसपास होते, ऑइल सोडल्यावर तिन्ही १५० ला गेले.

झाकणातून थोडी वाफ चांगल्या इंजिनातूनही येते. धकधक करत जोरानं धूर बाहेर पडायला लागला तर बोलू. जाड ऑइलनं झिजलेल्या जुन्या इंजिनाचा धूर काही दिवस झाकतो, हेही खरं. नव्या बांधणीत ते फक्त चूक लपवतं.

मामांचं इंजिन शेवटी उतरवलं. होनच्या रेघा होत्या, पण बोट फिरवलं तर काच. फॉरवर्डप्रमाणे पिस्टन भंगारात जायचे. आम्ही तिन्ही मायक्रोमीटरनं मोजले, खोबणी तपासल्या आणि तेच परत टाकले. फक्त हलका होन आणि रिंगांचा नवा सेट, प्रत्येक रिंग बोअरमध्ये सरकवून तोंडातली फट फीलर गेजनं (पातळ मोजपट्ट्यांनी) बघून. ही फट कमी पडली तर तापल्यावर रिंगेची टोकं भिडतात आणि पिस्टनचा काठच तुटतो. ब्लॉक गरम पाणी आणि साबणानं घासला, पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत. मामा म्हणाले, रॉकेलनं का नाही? रॉकेलनं ऑइल जातं, होनच्या दगडाची पूड रेघांत तशीच राहते आणि नव्या रिंगा कानशीसारख्या खाते.

परवा गाडी सुरू केली. मामा खुर्ची घेऊन अंगणात बसायच्या तयारीत. "किती तास ठेवू?"

म्हटलं, लाल दिवा गेलाय, पाणी गळत नाही. बसा गाडीत, कागलपर्यंत जाऊन येऊ.