बंदूक जमा केल्याची पावती

सकाळी बाबांचा फोन. "उद्या ठाण्यात जाऊचा हा, बंदूक जमा करूक." आचारसंहिता लागली ना! भात कापणीला आलंय, रानडुकरं रात्रभर लोळून नासधूस करतायत आणि आमची शेतसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक निकाल लागेपर्यंत पोलीस ठाण्यात.

ठासणीची, बरं का. एक बार काढायचा तर आधी दारू ओता, काथ्या ठासा, छरे टाका, परत ठासा, मग केप लावा. तोवर डुक्कर दोन बांध ओलांडून जातं. हिच्या जोरावर आमचे सत्तरी ओलांडलेले बाबा मतदान केंद्र ताब्यात घेणार!

हसून झालं की डोकं फिरतं. १८५७ नंतर गोऱ्यांना धडकी भरली आणि लोकांची हत्यारं काढून घ्यायचा सपाटा लागला. १८७८ साली लॉर्ड लिटनचा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना, युरोपियनाला सूट. देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षी, याच गृहस्थाचा. तो चार वर्षांत गेला, शस्त्रांचा मात्र १९५९ चा नवा कायदा येईपर्यंत छातीवर बसून होता. आणि अडलं कोण? पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत उभे राहिले. अहो, गांधीजींनीसुद्धा इंग्रजांच्या दुष्कृत्यांत या शस्त्र कायद्याला सगळ्यात काळं म्हटलंय. गांधीजींनी!

निवडणुकीत गोळ्या चालतात, माणसं जातात, मान्य. पण त्या झाडणारा ठाण्यात पावती घ्यायला येतो का? रांगेत उभे असतात ते आमच्या बाबांसारखेच, गोणपाटात बंदूक गुंडाळून, एसटीने आलेले. सरसकट जमा करू नका, छाननी करा, असं कागदावर आहे. गावात पोचतो तो फक्त फोन.

मागच्या खेपेला बंदूक परत आली ती नळीला गंज घेऊन. देणारा हवालदार पोरसवदा होता, "काका, बसा" म्हणून खुर्ची दिली त्याने. त्याला काय बोलणार? बाबा दोन दिवस ओटीवर बसून खोबरेल चोळत होते. दस्त्यावर नंबराची चिठ्ठी डकवलेली. मी ती खरवडायला गेलो तर म्हणाले, "रवांदे. परत लावतलेच ते."

अजून आहे ती चिठ्ठी.

आज विचारलं, मग डुकरांचं काय?

"रातचो मांगरात निजतलंय. डबो वाजवतलंय."