उजनीचं पाणी माझं माहेर पितं

‘संडासाचं पाणी पुन्हा घरात कशाला?’ पुण्यात खराडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर हेच चाललंय. एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून फ्लशला देणाऱ्या प्लांटचं, विजेचं बिल परवडत नाही, फ्लशच्या पाण्याला वास येतो. तेव्हा प्लांट बंद करा, सगळं थेट ड्रेनेजला सोडा आणि फ्लशला टँकर मागवा, असा ठराव येतोय. मी विरोध केला तर उत्तर आलं, ‘ताई, सिंगापूरला बसून शहाणपण शिकवू नका.’

शिकवणारच. पाण्यासाठी शेजारच्या मलेशियातल्या जोहोरच्या तोंडाकडे बघत राहायला नको, म्हणून इथे २००३ पासून सांडपाण्याचं न्यूवॉटर, म्हणजे पुन्हा पिण्याजोगं पाणी, होतं. आधी बारीक पडदे, मग रिव्हर्स ऑस्मोसिस, शेवटी अतिनील किरण. बरंचसं चिपच्या कारखान्यांना जातं. पावसाने ओढ दिली की थोडं जलाशयात सोडतात, आणि ते पुन्हा शुद्ध होऊन नळाला येतं. माझी मुलगी तेच पिऊन वाढतेय.

आणि वास येतो त्याला कारण आपण आहोत. डिसेंबरात आले तेव्हा मी तळघरात उतरून बघितलं. टाकी काळी पडलेली, कुजक्या अंड्यांची घाण सुटलेली. धड चाललेल्या टाकीतला गाळ चॉकलेटी असतो, त्याला ओल्या मातीचा वास येतो. मैला खाणाऱ्या जिवाणूंना सतत हवा लागते आणि आपण बिल वाचवायला रात्रभर ब्लोअर बंद ठेवतो! ऑपरेटरने लिटरभराच्या नळकांड्यात पाणी भरून दाखवलं. अर्ध्या तासात गाळ तळाला बसायला हवा होता. बसलाच नाही. ‘हवाच नाय मिळत त्याला, मॅडम,’ तो म्हणाला.

ड्रेनेजला सोडलं की आपली सुटका, असं वाटतं लोकांना. पुण्याचा सगळा मैला शुद्ध होत नाही. उरलेला मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातो. उजनीचं पाणी माझं माहेर पितं. सोलापुरात नळ येतो तोच चार-पाच दिवसांनी. आई पिंपाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधते, तुरटी फिरवते. पिंप भरेस्तोवर फडकं हिरवट झालेलं असतं.

तीच आई इथे दोन महिने राहून गेली. न्यूवॉटरचं मी तिला सांगितलंच नाही. रोज पाणी उकळून तांब्यात भरून ठेवायचे. तिला विटाळ वाटेल ही सबब होती. ‘तू आता तिकडचीच झालीस’ हे तिच्या तोंडून ऐकायची भीती होती मला.

सभा रविवारी आहे. प्रॉक्सी चालत नाही, म्हणजे माझं मत धरणार नाहीत. ब्लोअर चोवीस तास चालवा, जास्तीच्या बिलातला माझा वाटा दुप्पट लावा, असं सेक्रेटरींना कळवलंय. अजून उत्तर नाही.