पॅकेट गेलं, विषय संपला

एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची) ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्किंग स्पेशालिटी’ ही परीक्षा द्यायचं तुमच्या मनाने घेतलंय, उत्तम. ६५ प्रश्न, १७० मिनिटं, फी ३०० डॉलर आणि वर कर. हजारात ७५० पडले की पास. ६५ पैकी १५ प्रश्नांचे गुण धरलेच जात नाहीत, मात्र ते कोणते हे कुणी सांगत नाही. तेव्हा जो प्रश्न कळला नाही तो त्या १५ मधलाच, असं धरून पुढे सरकावं. मन शांत राहतं.

परीक्षेची अधिकृत माहितीपुस्तिका फुकट मिळते. गुणांची वाटणी त्यात सरळ दिली आहे: आराखडा ३० टक्के, उभारणी २६, सुरक्षा २४, देखभाल २०. ती उघडू नका. उघडलीत तर कशाला किती वेळ द्यायचा ते कळेल आणि मग सबबी उरणार नाहीत. त्यापेक्षा टेलिग्रामवर ‘डंप’ नावाची, चोरलेल्या प्रश्नांची पीडीएफ शोधा. तिच्यातले बरेच प्रश्न २०२२ साली बंद झालेल्या जुन्या आवृत्तीतले निघतात आणि उत्तरं कुणीतरी मतदान घेऊन ठरवलेली असतात. लोकशाही मार्गाने ठरलेलं बीजीपी (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत) हे एक वेगळंच शास्त्र आहे. चोरलेले प्रश्न वापरताना सापडलात तर निकाल रद्द होतो, पुढच्या परीक्षांना बंदीही येऊ शकते. पण हा नियम ‘मला मान्य आहे’ या चौकटीच्या वरच्या मजकुरात असतो, आणि तो मजकूर आपल्याकडे कुणी वाचत नाही, म्हणून तो लागू होत नाही.

व्हिडिओ दुप्पट वेगाने बघा. उंटावरून शेळ्या हाकायच्याच, तर उंट जरा पळवलेला बरा.

प्रत्यक्ष काही उभारून बघण्याच्या फंदात मात्र पडू नका, पैसे लागतात. किती लागतात ते ऐका. अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनिया केंद्राच्या दराने ट्रान्झिट गेटवेच्या (अनेक नेटवर्कं जोडणारा मधला राउटर) एका अटॅचमेंटला, म्हणजे जोडणीला, तासाला ५ सेंट. तीन व्हीपीसी (क्लाउडमधली आपली खासगी नेटवर्कं) आणि एक व्हीपीएन (इंटरनेटवरून नेलेला सुरक्षित बोगदा) जोडलं तर चार अटॅचमेंट, म्हणजे तासाला २० सेंट, आणि व्हीपीएनचे वेगळे ५. तीन तास खेळलात तर पाऊण डॉलर, वर छोट्या मशीनचे किरकोळ पैसे. एवढी उधळपट्टी परवडत नसेल तर सरळ दोनदा परीक्षा द्या. ६०० डॉलरमध्ये काम होतं.

आणि उभारलंतच, तर रात्री झोपताना फक्त मशीन ‘स्टॉप’ करा. नॅट गेटवे (खासगी मशीनना बाहेर जायची वाट) आणि अटॅचमेंट स्टॉप होत नाहीत, डिलीटच कराव्या लागतात, ही गोष्ट महिनाअखेरच्या बिलावर सोडा. नॅट गेटवे तासाला साडेचार सेंट, म्हणजे महिन्याला सुमारे ३३ डॉलर. त्या चार अटॅचमेंट १४६. नॅट गेटवे डिलीट केला तरी त्याला दिलेला इलास्टिक आयपी (राखून ठेवलेला सार्वजनिक पत्ता) खात्यातच राहतो आणि तासाला अर्धा सेंट खात बसतो. तो वेगळा सोडावा लागतो. सोडू नका, आठवण म्हणून असू द्या.

आता मुख्य सूत्र. सगळी तयारी याच्यावर उभी आहे, म्हणून नीट लक्षात ठेवा: पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, गेलं की आपलं काम संपलं. ते परत कसं येईल याचा विचार करायचा नाही. पीअरिंग (दोन व्हीपीसींमधला थेट दुवा) जोडलं की आपल्या बाजूच्या राउट टेबलात (कुठला पत्ता कुठल्या वाटेने, याची यादी) नोंद करा आणि उठा. पलीकडच्या व्हीपीसीच्या टेबलातही आपल्या पत्त्यांची नोंद लागते, पण ते पलीकडचे बघतील.

नेटवर्क एसीएलचंही (सबनेटच्या, म्हणजे नेटवर्कच्या एका भागाच्या, वेशीवरची चाळणी) तसंच. येणाऱ्या बाजूला पोर्ट ४४३ (सुरक्षित वेबचं दार) उघडा, जाणाऱ्या बाजूला पण ४४३ उघडा, सममिती छान दिसते. सिक्युरिटी ग्रुप (एकेका मशीनभोवतीची चाळणी) आत आलेल्या जोडणीची आठवण ठेवतो आणि उत्तराला आपोआप वाट देतो. एसीएलला अशी आठवण नसते. सर्व्हरचं उत्तर ग्राहकाच्या तात्पुरत्या पोर्टकडे, १०२४ ते ६५५३५ यांपैकी कुठल्या तरी पोर्टकडे जातं आणि तुमच्या त्या सुबक एसीएलवर आपटतं. फ्लो लॉगमध्ये (वाहतुकीच्या नोंदवहीत) हे लख्ख दिसतं: येताना ‘ॲक्सेप्ट’, त्याच जोडणीचं उत्तर जाताना ‘रिजेक्ट’. अशी जोडी दिसली की दोष एसीएलचा, कारण सिक्युरिटी ग्रुपने आत घेतलेल्याचं उत्तर तो स्वतः अडवत नाही. एवढ्या एका ओळीवर प्रश्न सुटतो, म्हणून फ्लो लॉग वाचायला शिकू नका.

या सूत्राची खरी बहार ट्रान्झिट गेटवेत आहे. प्रश्न साधारण असा येतो: कंपनीने मध्ये तपासणीची एक व्हीपीसी ठेवली आहे, दोन झोनमध्ये (एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या डेटा सेंटरांत) दोन फायरवॉल आहेत, सगळी वाहतूक ट्रान्झिट गेटवेवरून त्या व्हीपीसीत नेली आहे. राउट टेबल बरोबर आहेत. एकाच झोनमधली मशीन एकमेकांशी बोलतात, पण वेगळ्या झोनमधल्यांची जोडणी लागत नाही. का?

तुम्ही ‘फायरवॉलची क्षमता वाढवा’ हा पर्याय निवडा. दिसायला भारदस्त आहे. ज्यांना उगाच खोलात शिरायची सवय आहे ते एकेक पॅकेट पकडून बघतात. ‘ए’ झोनमधल्या मशीनने पहिलं पॅकेट पाठवलं. ट्रान्झिट गेटवे वाहतूक होईल तितकी आली त्याच झोनमध्ये ठेवतो, म्हणून ते ‘ए’मधल्या फायरवॉलकडे गेलं. तिने नोंद केली, सोडलं. पलीकडचं मशीन ‘बी’ झोनमध्ये आहे. त्याचं उत्तर ट्रान्झिट गेटवेत ‘बी’ झोनमधून शिरलं, म्हणून ‘बी’मधल्या फायरवॉलकडे गेलं. तिच्याकडे या जोडणीची नोंदच नाही. सुरुवात न पाहिलेल्या जोडणीचं उत्तर ती टाकून देते, आणि ते तिचं कामच आहे. उपाय म्हणजे तपासणी-व्हीपीसीच्या अटॅचमेंटवर ‘अप्लायन्स मोड’ चालू करणं. मग एका जोडणीची दोन्ही दिशांची पॅकेटं एकाच फायरवॉलकडे जातात. एक सेटिंग. ती बाकीच्या अटॅचमेंटवर नाही, तपासणीच्याच अटॅचमेंटवर लागते, हाही पर्यायांतला एक सापळा असतो. सावधपणे त्यात पडा.

डायरेक्ट कनेक्ट (कार्यालयापासून एडब्ल्यूएसपर्यंतची खासगी लाइन) घरी उभारता येत नाही, त्यामुळे तो धडा सोडलात तरी कुणी नावं ठेवणार नाही. परीक्षक मात्र तिथेच ठाण मांडून बसलेले असतात. प्रायव्हेट व्हीआयएफवर (त्या लाइनवरून व्हीपीसीकडे जाणाऱ्या आभासी जोडणीवर) तुमच्या बाजूने जास्तीत जास्त १०० मार्ग जाहीर करता येतात. शाखांचे सगळे छोटे सबनेट एकेक करून जाहीर करत राहा. १०१ वा मार्ग गेला की फक्त तोच नाकारला जातो असं नाही, अख्खं बीजीपी सेशन खाली येतं. मार्ग एकत्र करून पत्त्यांचा एक मोठा गट जाहीर केला की हे टळतं, पण त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

दोन लाइन आहेत, मुख्य आणि राखीव. एडब्ल्यूएसकडून येणारी वाहतूक मुख्य लाइनवरून यावी असं हवंय. तुमच्या राउटरवर लोकल प्रेफरन्स (वाटेची पसंती) वाढवा आणि बघत बसा. त्याने तुमच्याकडून जाणारी वाहतूक तेवढी ठरते. येणारी ठरवायची तर जाहीर करताना मार्गांना कम्युनिटी नावाचं लेबल लावावं लागतं (७२२४:७१०० कमी पसंती, ७२०० मध्यम, ७३०० जास्त) किंवा राखीव लाइनवर एएस-पाथ (वाटेतल्या नेटवर्कांची यादी) लांबवावा लागतो. आकडे पाठ करा, दिशा विसरा. आणि हो, डायरेक्ट कनेक्ट खासगी लाइन आहे म्हणजे एन्क्रिप्टेडही असणार, असं धरून चाला. ती तशी नसते. मॅकसेक किंवा वरून आयपीसेक हे एन्क्रिप्शन वेगळं लावावं लागतं. ‘खासगी’ हा शब्द ऐकून समाधान मानणाऱ्यांसाठी एक पर्याय राखून ठेवलेला असतोच.

पिंग लागतो, एसएसएचने आत जाता येतं, पण मोठी फाइल पाठवली की सगळं गोठतं. यावर ‘नेटवर्क ठीक आहे, ॲप्लिकेशन टीमला विचारा’ हे आपलं ठरलेलं उत्तर. व्हीपीसीच्या आत फ्रेम ९००१ बाइटची चालते, ट्रान्झिट गेटवेत ८५००, व्हीपीएन आणि इंटरनेटच्या वाटेवर १५०० किंवा त्याहून कमी. छोटी पॅकेटं सगळीकडून निसटतात, मोठं अडकतं. वाटेतला राउटर ‘एवढं मोठं जात नाही, लहान कर’ असा आयसीएमपी निरोप, प्रकार ३ कोड ४, मागे पाठवतो. पण कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद केलेलं असतं. निरोप परत येत नाही. आणि परतीचा विचार तर आपण करतच नाही.

पत्ते वाटताना प्रत्येक व्हीपीसीला १०.०.०.०/१६ द्या, लक्षात ठेवायला सोपं. पत्ते एकमेकांवर येतात म्हणून पीअरिंग करताना नकार आला की परीक्षेच्या दृष्टीने तुम्ही यावरच्या उपायांच्या, म्हणजे प्रायव्हेटलिंक किंवा प्रायव्हेट नॅट गेटवेच्या प्रश्नापर्यंत पोहोचलात. /२८ च्या सबनेटमध्ये १६ पत्ते मोजा. त्यातले पहिले चार आणि शेवटचा एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं, उरतात ११, हे लोड बॅलन्सर (येणारं काम मशीनांत वाटणारा) पत्त्यांवाचून अडला की कळेलच. डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेत) इनबाउंड एंडपॉइंट कुणाच्या दृष्टीने ‘इन’, याचा खल करू नका. कार्यालयातून व्हीपीसीच्या .२ पत्त्यावर (तिथल्या आतल्या डीएनएसकडे) थेट चौकशी पाठवा आणि उत्तराची वाट बघा.

प्रश्न वाचताना शेवटची ओळ वगळा. लांबलचक परिच्छेदानंतर तिथे ‘सर्वांत कमी खर्चात’ किंवा ‘देखभालीचा सर्वांत कमी व्याप’ असं काहीतरी असतं आणि त्यावरच उत्तर फिरतं. फाइली साठवणाऱ्या एस३ कडे जाणारी वाहतूक नॅट गेटवेवरून नेली तर दर जीबीला पैसे पडतात, गेटवे एंडपॉइंट (व्हीपीसीतून एस३ ची थेट वाट) मात्र फुकट असतो. पण प्रश्नात वाहतूक कार्यालयातून डायरेक्ट कनेक्टवरून येत असेल तर फुकटचा चालत नाही, इंटरफेस एंडपॉइंट घ्यावा लागतो. वाहतूक निघते कुठून, हे पहिल्याच ओळीत दिलेलं असतं. तीही वगळा.

इंग्रजी ही मातृभाषा नसणाऱ्यांना मागितली तर ३० मिनिटं जादा मिळतात. मागायची ती तारीख नोंदवण्यापूर्वी, नंतर नाही. आपलं इंग्रजी उत्तम आहे, तेव्हा मागू नका; शेवटचे दहा प्रश्न डोळे मिटून सोडवायचाही एक आनंद असतो, आणि चुकीला गुण कापत नाहीत. खात्यावर नाव लिहिताना वडिलांचं नाव घालायचं की नाही ते ओळखपत्र न बघता ठरवा. घरून देत असाल तर प्रश्न पुटपुटत वाचा, म्हणजे कॅमेऱ्यापलीकडच्या निरीक्षकाशी ओळख होते.

निकाल सहसा पाच कामकाजी दिवसांत येतो. नापास झालात तर १४ दिवसांनी पुन्हा बसता येतं, फी पूर्ण. पास झालात तर बॅज तीन वर्षं चालतो आणि ऑफिसात नेटवर्कची तिकिटं तुमच्या नावावर येऊ लागतात. पहिलं येईल ते ‘फाइल जात नाही’चं. ते सिक्युरिटी टीमकडे पाठवा. ते ॲप्लिकेशनवाल्यांकडे पाठवतील, ॲप्लिकेशनवाले तुमच्याकडे. त्या तिकिटाला राउट टेबलात नोंद लागत नाही, शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला ते बरोबर परत येतं.