दोन युरोचा रोरी, एक युरोची रोरी

एक युरो म्हणजे फार काही नाही, हे मला कळतं. डब्लिनमध्ये त्यात चहाही येत नाही. पण चार महिन्यांच्या बाळाच्या मुठीतून कुणी पैसे परत काढून घेतले, तर ते पैसे किती होते हा मुद्दाच राहत नाही.

भाचीची मुलगी बाबागाडीत, मी बसथांब्यावर, शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा. नवं बाळ दिसलं की त्याच्या हातात चांदीचं नाणं ठेवायचं, अशी आयर्लंडमध्ये जुनी रीत आहे. चांदी गेली, नाणं उरलं. आजोबांनी खिसे चाचपून दोन युरोचं नाणं काढलं आणि बाळाच्या मुठीत दिलं. बाळाने ते घट्ट धरलं (आमच्या घराण्याची सवय). मग त्यांनी विचारलं, "नाव काय पठ्ठ्याचं?"

"रोरी."

"वा! राजाचं नाव."

"हो. पण ती मुलगी आहे."

दुकानदार पाचशेची नोट उजेडाला धरून बघतो, तसं आजोबांनी बाळाकडे बघितलं.

"रोरी हे मुलाचं नाव आहे."

"ठाऊक आहे."

"ठाऊक असून ठेवलंत?"

"मी नाही ठेवलं. आईबापांनी ठेवलं."

"आणि त्यांना कुणी अडवलं नाही?"

"अहो, मुलीच्या आजोबांचंच नाव आहे ते."

"मग आजोबांनी नाही अडवलं?"

"ते वारले."

"बघा!" आजोबा म्हणाले. जणू त्या बिचाऱ्यांना बारशाच्या धसक्यानेच गाठलं होतं. ते दोन वर्षांपूर्वीच गेले, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण आजोबा आता व्युत्पत्तीत शिरले होते. "रुआ म्हणजे तांबड्या केसांचा. री म्हणजे राजा." त्यांनी काठीच्या मुठीने बाळाचं टोपडं किंचित वर केलं. आत सांगलीचं, काळंभोर, खोबरेल लावलेलं जावळ. "ना तांबडे केस, ना राजा," ते म्हणाले, आणि हिशेब पूर्ण झाल्यासारखे वाकून, बाळाची बोटं एकेक करून उघडून, त्यांनी दोन युरोचं नाणं काढलं, खिशात टाकलं, एक युरोचं शोधलं आणि मुठीत ठेवलं.

"हे मुलीचं."

दोन युरोचं नाणं २५.७५ मिलिमीटरचं असतं, एक युरोचं २३.२५. घरी आल्यावर मी हे शोधून काढलं. मुलगा आणि मुलगी यांच्यातला फरक अडीच मिलिमीटरचा आहे.

आता, आजोबांची व्युत्पत्ती बिनचूक होती, म्हणूनच जास्त राग येतो. आयरिश भाषेत इतर बहुतेक लालपणाला 'जॅरग' म्हणतात; 'रुआ' हा मुख्यतः केसांसाठी आणि कोल्ह्यासारख्या प्राण्यांसाठी राखून ठेवलेला रंग. आणि या नावाचा राजा खरोखर होता: रोरी ओ'कॉनर, आयर्लंडचा शेवटचा उच्चराजा, म्हणजे बाकीच्या राजांवरचा राजा. ११६६ मध्ये गादीवर आला, ११६९ मध्ये नॉर्मन आक्रमक किनाऱ्याला लागले, ११९८ मध्ये गेला तोवर बरंचसं राज्य हातचं गेलेलं. एवढ्या यशस्वी पुरुषाचं नाव मुलीला देऊन आम्ही त्याला बट्टा लावला म्हणे.

वास्तविक हे नाव फार विचार करून निवडलं होतं. पुरुषी आयरिश नाव मुलीला द्यायचं, तर मोठी अडचण संबोधनाची असते. आपण 'अरे', 'अगं' म्हणून सुटतो. तिथे हाक मारताना खुद्द नाव बदलतं. नावाआधी 'अ' येतो, पहिलं व्यंजन मऊ होतं आणि पुरुषाचं नाव असेल तर शेवटचं व्यंजनही बदलतं. शॉनला हाक मारायची तर 'अ ह्यॉन', त्यातला शेवटचा न तालव्य. बाईच्या नावाला पहिला बदल लागतो, शेवटचा नाही. मग शॉन नावाच्या मुलीला हाक कशी मारायची? नावाप्रमाणे की मुलीप्रमाणे? यावर दोन आयरिश शिक्षक संध्याकाळ घालवू शकतात. त्यातून शॉनच्या 'आ'वरची तिरकी रेघ, म्हणजे फादा, एखाद्या संगणकाने गाळली की त्या शब्दाचा अर्थ 'म्हातारा' होतो. तान्ह्या मुलीच्या कागदपत्रांवर म्हातारा.

म्हणून ज्यांना हा उद्योग करायचाच आहे त्यांनी र, ल किंवा न पासून सुरू होणारं आणि स्वराने संपणारं नाव घ्यावं. सुरुवातीचा हा बदल लिहिताना या तीन अक्षरांना लागत नाही, आणि शेवटी बदलायला व्यंजनच नसतं. रोरी दोन्ही परीक्षांत उतरते. रोअन नाही, त्याच्या शेवटी न आहे. केव्हिन आवडत असेल, तर त्याच मुळापासून आलेलं कीव्हा हे मुलीचं नाव तयार आहे. किअरनला किअरा आहे. रोरीला मात्र अशी बहीण नाही.

स्पेलिंगही ठरवावं लागतं. रोमन लिपीत इंग्रजी वळणाने चार अक्षरं, आजच्या आयरिशमध्ये सहा, जुन्या पद्धतीने आठ. आयरिश वळणाने म्हटलं तर 'रूअरी', इंग्रजी वळणाने 'रोरी'. हा तिढा शेवटी माझ्या बहिणीने सांगलीहून पंचांग उघडून सोडवला. स्वाती नक्षत्राची अक्षरं रू, रे, रो, ता. बाळाचा जन्म तिसऱ्या चरणातला, म्हणजे 'रो'. बहीण एवढं सांगून थांबली, कारण तिच्या मनात वेगळंच होतं. जुन्या आयरिश रिवाजाने पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव देतात आणि पहिल्या मुलीला आईच्या आईचं. म्हणजे शास्त्राने या मुलीचं नाव माझ्या बहिणीचंच, सुमन, हवं होतं. ते बहिणीला कुणीतरी सांगितलंय. (बंगालमध्ये सुमन हे पुरुषाचं नाव आहे, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.)

सरकारची काही हरकत नसते. जन्माची नोंद तीन महिन्यांच्या आत करायची, नोंदणी फुकट, दाखल्याचे वीस युरो. अमकं नाव मुलाचं, तमकं मुलीचं, अशी मंजूर नावांची यादी आयर्लंडमध्ये नाही. हरकत फक्त बसथांब्यावर घेतली जाते.

आणि ती कुणी घ्यावी? ज्यांच्या भाषेत मुलीला 'कॅलीन' म्हणतात आणि हा कॅलीन शब्द व्याकरणात पुल्लिंगी आहे, त्यांनी? त्याच भाषेत वळू घोड्याचा शब्द स्त्रीलिंगी आहे. (आपल्या तळकोकणात चेडू नपुंसकलिंगी, तेव्हा मी फार हसत नाही.) आयरिश स्वातंत्र्याच्या १९१६ च्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सात जणांत एक जोसेफ मेरी प्लंकेट होता, त्याच्या 'मेरी'मुळे कुणी त्याची सही अर्धी धरली नाही. विकलो परगण्यात १८७५ मध्ये जन्मलेली टेरेसा कर्नी जोगीण झाली, १९०३ मध्ये युगांडाला गेली आणि तिथे मदर केव्हिन म्हणून नावाजली. म्हणजे बाईने पुरुषाचं नाव घ्यायला हरकत नाही, फक्त आधी संसार सोडला पाहिजे.

खरी मेख अशी आहे की हा रस्ता एकेरी आहे. केली, केसी, रायली, क्विन ही सगळी आयरिश पुरुषांच्या नावांवरून आलेली आडनावं. अमेरिकेत ती आता मुलींच्या अंगावर बसली आहेत. तिथे मॅकेना नावाच्या मुलीही आहेत, आणि 'मॅक' म्हणजे अमक्याचा मुलगा! पण मुलीचं नाव मुलाला पहिलं नाव म्हणून दिलेलं क्वचितच सापडतं. उलट एखादं नाव मुलींमध्ये रुळलं की मुलांचे आईबाप ते टाकून देतात, उष्टं झाल्यासारखं. लेस्ली आणि ॲशली अशीच हातची गेली. नाव तेच, अक्षरं तीच, भाव निम्मा.

हे सगळं आजोबांना ऐकवायचं मनात होतं. शब्द जुळवत होते, तेवढ्यात 'नकोशी' आठवलं. पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून मुलीला ठेवलेलं नाव, नकुसा. २०११ मध्ये साताऱ्यात समारंभ करून अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं बदलावी लागली. सातारा सांगलीहून काय लांब आहे? मी गप्प बसले. बस आली. आजोबांनी मला आधी चढू दिलं, बाबागाडी उचलायला हातही लावला, आणि वर चढल्यावर ड्रायव्हरला मोठ्याने सांगितलं, "ती मुलगी आहे बरं का, नावावर जाऊ नका."

पुढच्या गुरुवारी याच वेळी लसीसाठी न्यायचं आहे. निळं झबलं धुऊन ठेवलंय. नाव विचारलं तर पॅट्रिक सांगणार.