आइनो ही कुठल्या जलदेवतेचं नाव नव्हे

मुलींच्या परदेशी नावांच्या याद्या फिरत असतात. त्यांत फिनलंडच्या ‘आइनो’पुढे ठरलेला मजकूर असतो: हजारो वर्षांचं नाव, पाण्याची देवता, अर्थ ‘अद्वितीय’, शब्द अस्सल फिनिश. यातलं धड एकही विधान टिकत नाही.

हजारो वर्षं? नाव म्हणून आइनोला अजून दोनशेही झालेली नाहीत. एलियास ल्योनरोत नावाच्या डॉक्टरने कारेलियात (फिनलंड-रशिया सीमेवरच्या प्रदेशात) गावोगाव फिरून लोकगीतं जमवली, जुळवली आणि ‘कालेवाला’ हे महाकाव्य उभं केलं. त्याच्या १८४९च्या आवृत्तीतली ही आइनो. लोकगीतांत ‘आइनो’ हे नुसतं विशेषण होतं, लेकीला किंवा बहिणीला लावलेलं. मूळ गीतातली मुलगी बहुधा आन्नी असते. विशेषणाचं विशेषनाम केलं ते ल्योनरोतने. मग देशाभिमानाच्या लाटेत घरोघरी आइनो जन्मू लागल्या. संगीतकार सिबेलियसची बायको आइनो १८७१ची. तिच्यावरून त्यांच्या घराचं नाव ‘आइनोला’.

देवता तर ती मुळीच नाही. काव्यात तिचा भाऊ योउकाहाइनेन म्हाताऱ्या जादूगार गायक वैनामोइनेनशी गाण्याची पैज हरतो, त्याच्या गाण्याने दलदलीत रुतत जातो आणि जीव वाचवायला बहीण त्यालाच बायको म्हणून देऊन टाकतो. आईला आनंद, एवढा मोठा जावई मिळतोय! पोरगी पाण्यात बुडून मरते. बातमी घरी नेतो एक ससा, आणि सौनातल्या (वाफेच्या न्हाणीघरातल्या) मुली आधी त्यालाच शिजवायला निघतात. पुढे ती मासा होऊन म्हाताऱ्याच्या हाती लागते, निसटते आणि वर त्याला टोमणे मारते. फिनिश चित्रकार गाल्लेन-काल्लेलाच्या १८९१च्या तीनपदरी चित्रात मधोमध हाच प्रसंग आहे. त्या माशाला काव्यात ‘वेल्लामोची कन्या’ म्हटलंय. वेल्लामो ही खरी जलदेवता; घोटाळा बहुधा तिथलाच.

‘अद्वितीय’ हा अर्थ अर्धवट. गीतांतला भाव ‘एकुलती एक’ असा आहे, घरातल्या लाडक्या लेकीचा. ‘जिला तोड नाही’ असा नव्हे.

राहिलं अस्सलपण. फिनिश ही युरालिक कुळातली, म्हणजे जर्मन किंवा संस्कृतच्या कुळाबाहेरची भाषा, पण ‘आइनोआ’ (एकमेव) हा शब्द तिने फार पूर्वी जर्मॅनिक शेजाऱ्यांकडून उसना घेतला, असं भाषाअभ्यासक मानतात. जर्मनमधलं ‘आइन’ त्याच घरचं. आपलं ‘एक’ही त्या घराच्या लांबच्या नात्यातलं आहे; पण तेवढ्यावरून आइनोला संस्कृत ठरवणारा मेसेज कृपा करून कुणी सोडू नये.