न खेळलेल्या खेळाविषयी ठाम मत कसे असावे

हॉटेलात चहा येईपर्यंत निवडणूक, क्रिकेट आणि पुण्याची वाहतूक या तिन्ही विषयांचा निकाल लावणाऱ्या आपल्यासारख्या माणसाला व्हिडिओ गेमचा विषय निघताच गप्प बसावे लागणे मुळीच शोभत नाही. यावर उपाय आहे, आणि त्याचे पहिले पथ्य एवढेच की खेळ खेळू नये. खेळल्याने मत पातळ होते. चाळीस तास घालवून शेवटापर्यंत पोहोचलेला माणूस ‘मधला भाग जरा लांबला, पण पाऊस छान दाखवलाय’ असे काहीतरी मिळमिळीत बोलतो. उलट दीड मिनिटाची जाहिरात पाहून उठलेला माणूस थेट संस्कृतीच्या ऱ्हासावर बोलू शकतो. शेळ्या उंटावरूनच हाकायच्या असतील, तर खाली उतरून शेळी पाहण्याचे कारण नाही.

दुसरे पथ्य नायकाचा चेहरा दिसताक्षणी बाजू ठरवण्याचे. युबिसॉफ्ट या कंपनीच्या ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ या खेळात सोळाव्या शतकातल्या जपानात यासुके हा आफ्रिकी योद्धा नायक म्हणून अवतरला, तेव्हा अनेकांना इतिहासाच्या शुद्धतेची एकाएकी काळजी वाटू लागली. ओदा नोबुनागा या तेव्हाच्या बलाढ्य जपानी सरदाराच्या पदरी या नावाचा माणूस खरोखरच होता, ही माहिती आपण मनात आणू नये. याच मालिकेच्या २००९ सालच्या भागात नायक व्हॅटिकनमध्ये शिरून साक्षात पोपशी गुद्दागुद्दी करतो, तेव्हा हा इतिहास कोठे गेला होता, असे कोणी विचारलेच तर चहा गार होत असल्याचे सांगावे. आपण विरुद्ध पक्षाचे असाल तर काम याहूनही हलके आहे, कारण तेथे खेळ कसा आहे हे न विचारता केवळ चेहऱ्याचे अभिनंदन करायचे असते.

हे चेहऱ्यांचे शास्त्र कंपन्यांनीही मनावर घेतलेले आहे. मे २०२२ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड या गेम कंपनीने पात्रांमधले वैविध्य मोजण्याचे एक साधन मोठ्या अभिमानाने जाहीर केले. त्यांच्याच ‘ओव्हरवॉच’ या खेळातली अ‍ॅना ही इजिप्तची, साठीची, एक डोळा गमावलेली नेमबाज बाई. तिच्या वंशाला इतके गुण, वयाला इतके, शारीरिक क्षमतेला इतके, असा हिशेब मांडून कोळ्याच्या जाळ्यासारखा आलेख काढून दाखवण्यात आला. पत्रिकेतले छत्तीस गुण जुळवण्यात हयात गेलेल्या आपल्या समाजाला यात नवे काही वाटू नये; नवल एवढेच की येथे गुरुजींना दक्षिणा नव्हे, पगार होता. पुढे सर्वत्र हसे झाल्यावर चित्रे गुपचूप काढून घेतली गेली. त्याच कंपनीवर महिला कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या वागणुकीवरून कॅलिफोर्निया राज्याने जुलै २०२१ मध्ये खटला भरला होता आणि कर्मचारी काम सोडून बाहेर येऊन उभे राहिले होते. कचेरीतल्या बायकांसाठी असा आलेख कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. मात्र हे दोन विषय एकत्र करू नयेत, मताची धार जाते.

कंपन्यांच्या विलीनीकरणात मात्र आपण हौसेने वऱ्हाडी व्हावे. याच अ‍ॅक्टिव्हिजनला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२२ मध्ये ६८.७ अब्ज डॉलरला मागणी घातली. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने हे स्थळ अमान्य केले, मग क्लाउडवरचे, म्हणजे इंटरनेटवरून थेट खेळ पुरवण्याचे, हक्क युबिसॉफ्टच्या ओटीत टाकून ऑक्टोबर २०२३ मध्ये कार्य पार पडले. या एकवीस महिन्यांत, दोहोंपैकी एकाही कंपनीचा एकही शेअर नसलेली माणसे स्पर्धाविषयक कायद्याचा अभ्यास करून रात्ररात्र भांडली. ज्याच्या घरी मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स तो वरपक्षाकडचा, ज्याच्या घरी प्रतिस्पर्धी सोनीचा प्लेस्टेशन तो लग्न मोडायला आलेला. अक्षता पडून चार महिने व्हायच्या आत, जानेवारी २०२४ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागातल्या १,९०० माणसांना निरोप देण्यात आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात टोकियोचा टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद झाल्याचे जाहीर झाले. संगीताच्या तालावर मारामारी करायला लावणारा त्यांचा ‘हाय-फाय रश’ आदल्याच वर्षी गाजला होता. विशेष म्हणजे, आपल्याला मानमरातब आणि पुरस्कार मिळवून देणारे छोटे खेळ हवे आहेत, असे कंपनीच्या एका वरिष्ठाने त्याच आठवड्यात कर्मचाऱ्यांना सांगितल्याचे छापून आले. टँगोला पुढे पबजीवाल्या क्राफ्टनने पदरात घेतले. यावर मत देण्याची गरज नाही, कारण यात कोणाचाही चेहरा दिसत नाही.

आपल्या मातीचे प्रतिनिधित्व हा हळवा विषय आहे, म्हणून स्वतःचा अनुभव सांगतो. माझा भाचा ‘हिटमॅन २’ खेळत होता. डेन्मार्कच्या कंपनीने उभी केलेली मुंबई होती, आणि भाड्याचा मारेकरी धोब्याच्या वेशात गल्लीबोळांतून चालला होता. ज्याला मारायचे त्याचे नाव वझीर काळे. मी लगेच बैठक मारून ‘पाश्चात्त्यांच्या नजरेतील मुंबई’ हा विषय लावला आणि हे काळे नेमके कुठले, घाटावरचे की कोकणातले, असा प्रश्न उपस्थित केला. भाचा म्हणाला, ‘‘मामा, जरा सरका, दिसत नाहीये.’’ पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला, डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी मुलगी भावाला शोधायला राक्षसांवर चालून जाते असा, हेही त्यानेच मला सांगितले. मी मनापासून अभिमान व्यक्त केला. विकत घेतला नाही.

आता ताजे कार्य. ‘द सिम्स’ आणि फुटबॉलचे खेळ काढणारी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी ५५ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. घेणाऱ्यांत सौदी अरेबियाचा सरकारी निधी आहे, आणि त्यातले सुमारे २० अब्ज डॉलर कर्जाचे आहेत. अशा सौद्यांत वरपक्षाने लग्नासाठी काढलेले कर्ज सहसा वधूच्याच नावावर चढते आणि हप्ते तिच्या स्वयंपाकघरातून निघतात. ‘द सिम्स’मध्ये २००० सालापासून दोन पुरुष किंवा दोन बायका सुखाने संसार करू शकतात, नव्या सासरी त्याचे काय होणार, असा प्रश्न काही खेळाडूंनी विचारलाही. आपण एवढ्या खोलात शिरू नये. पुढच्या खेळाची जाहिरात लवकरच येईल, दीड मिनिटाची असेल, आणि नायिकेच्या जबड्याची ठेवण त्यात अगदी स्पष्ट दिसेल.