विमानाला कूलर

खिडकी-बेसिनला लावतात ते सिलिकॉन उन्हात वाळत नाही, हे मे महिन्यातल्या जळगावकराला पटवून देणं मला आजवर जमलेलं नाही. इथे सकाळी घातलेल्या कुरडया दुपारी खडखडीत होतात, दोरीवर टाकलेला टॉवेल आपण वळेपर्यंत पापड झालेला असतो. मग मॉडेल विमानाच्या पंखाला एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, जोडायला भरलेलं चिमूटभर सिलिकॉन ४४ अंशांत का वाळू नये? कारण ते वाळतच नाही. हवेतली वाफ पिऊन ते पिकतं. आणि मे महिन्यात आमच्या हवेत वाफ सोडून सगळं असतं: धूळ, झळा, वरातीचा बँड.

गच्चीवर कुरडयांशेजारी पंख ठेवला, तर आधी डेप्रॉन, म्हणजे पंखाचा फोम, वाकतो. सिलिकॉन वरून साय धरतं, आत ढिम्म. साधं सिलिकॉन असेल तर वर त्याचा आंबूस वास. तो ॲसिटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरचाच. घरातली आजी ‘कसाना वास ई राहिना रे भो?’ म्हणत लोणच्याची बरणी हुंगून येते. बरणी निर्दोष असते.

उपाय एकच. पंख कूलरच्या खोलीत ठेवायचा, पण थेट वाऱ्यात नाही, नाहीतर धूळ चिकटते. मग २४ तास हात लावायचा नाही. माणसं घामाघूम आणि विमानाला कूलर, यावर घरात जे ऐकावं लागतं ते ऐकून घ्यायचं. भरिताच्या दिवसांत थंडीने सिलिकॉन रेंगाळतं आणि पावसाळ्यात इतक्या लवकर साय धरतं की नीट करायला उसंत मिळत नाही. खान्देशात सिलिकॉनचा मोसम असा नाहीच.

एवढं करून सिलिकॉनच का? फेविक्विक थर्माकोल खातं, डेप्रॉनही खातं. टेपची बिजागरी सोपी, पण आपल्या उन्हात तिचा डिंक पातळ होऊन एलेरॉन सरकत जातो. सिलिकॉन फोमला खात नाही, उन्हाला भीत नाही, आणि फटही बंद करतं. फक्त त्याच्यावर नंतर रंग बसत नाही, म्हणून रंग आधी. रंगवताना जोडाच्या कडा मात्र कोऱ्या ठेवायच्या.

६ मिलिमीटरच्या डेप्रॉनमध्ये एलेरॉनच्या पुढच्या कडेला खालून ४५ अंशांचा उतार कापा, म्हणजे तो खाली वळताना अडणार नाही. दोन्ही कडा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मधे एटीएम कार्ड उभं धरून वरून मास्किंग टेप लावा. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर, तेवढी फट पुरे. टेप आधी एकदा तळहातावर चिकटवून घ्या. सगळा चिकटपणा शाबूत ठेवलात तर सोडवताना ती फोमचं सालपटही घेऊन जाते. मग पंख उलटा करायचा, एलेरॉन मागे दुमडायचा आणि मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजने त्या कोनाच्या तळाशी बारीक रेघ ओढायची. एलेरॉन पुन्हा सपाट केला की कोनातला जास्तीचा माल आइस्क्रीमच्या काडीने काढून टाका. उरलेला थर मिलिमीटरभर, जास्त नाही. वर वजन ठेवायला विसरू नका. ज्या स्थितीत पिकलं ती स्थिती सिलिकॉन सोडत नाही. एलेरॉन खाली लोंबत असताना पिकलं, तर प्रत्येक उड्डाणात त्याला तिकडेच ओढ.

सगळे चुकतात ते इथे: बळकटीसाठी थर जाड करतात. एलेरॉन हलवणाऱ्या ९ ग्रॅमच्या सर्व्होचा, म्हणजे छोट्या मोटरचा, जोर जेमतेम दीड-पावणेदोन किलो-सेंटीमीटर. जाड रबर वाकवताना तो गुणगुणतो, बॅटरी पितो आणि मधल्या जागी परत येत नाही. फट रुंद ठेवली तर उलटं दुखणं. सर्व्होला जोडलेल्या काडीने, म्हणजे पुशरॉडने, ओढल्यावर एलेरॉन वळण्याऐवजी सगळा जोडच ताणला जातो आणि वेगात पट्टी फडफडायला लागते.

हार्डवेअरवाला विचारतो, ‘बेसिनला की खिडकीला?’ विमानाला म्हटलं की तो आपल्या मागच्या गिऱ्हाइकाकडे बघतो. ‘आरशाला लावतात ते’ मागा. ते बिनआम्लाचं असतं, सर्व्होच्या तांब्याच्या तारा खात नाही. ट्यूब २८० मिलीची. मीटरभर पंखाच्या दोन्ही एलेरॉनला मिळून २ मिलीही लागत नाही. उरलेल्या २७८ मिलीत घराच्या सगळ्या खिडक्या होतात, पण त्या कामाला घरातून कोणी हाक मारली की हा गृहस्थ नेमका विमानात गुंतलेला.

नोझलमध्ये लांब स्क्रू पिळून ठेवला तर ट्यूब काही आठवडे टिकते. पुढच्या वेळी स्क्रू ओढला की मागोमाग बोटभर रबरी शेपूट येतं आणि त्यामागे ताजा माल. नाही आला तर नोझल कापा किंवा बदला. गन दाबत बसू नका, कारण माल मग ट्यूबच्या मागून येतो, थेट पँटवर. तो धुवायला नळाकडे धावू नका. पाणी हेच त्याचं जेवण आहे. कोरड्या कागदाने ओरबाडा, आणि कूलरपासून लांब बसा.